समुद्राचा हजेरीपट

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या डेव्हनमध्ये ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय होता आणि तो हवामान नव्हता. इंग्लंडात राहणाऱ्या वाचकांना ह्यावर विश्वास बसणं कठीण आहे, पण खरंच. विषय होता ऑक्टोपस. खेकडे आणि शेवंड पकडण्यासाठी इथले मच्छीमार समुद्राच्या तळाशी पिंजरे सोडतात. २०२५ च्या वसंतात हे पिंजरे वर ओढले तर आत नुसती रिकामी कवचं. खेकड्याचं मांस कुणीतरी व्यवस्थित कोरून खाल्लेलं, जसं आपल्याकडे एखादा अट्टल खवय्या कुर्लीची नांगी साफ करून ठेवतो तसं. आणि काही पिंजऱ्यांत तो खवय्या स्वतःच बसलेला, आठ हात पसरून. भूमध्य समुद्रात सर्रास दिसणारा हा ऑक्टोपस इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर एरवी क्वचितच दिसतो. यंदा मात्र तो शेकड्यांनी आला. ज्यांची रोजीरोटी खेकड्यांवर, त्यांचं दिवाळं निघायची वेळ आली. आणि ज्यांच्या जाळ्यात ऑक्टोपसच सापडले, त्यांना ब्रिक्सहॅमच्या बाजारात चांगला भाव मिळाला. एकाच बंदरात एकाच्या घरी सुतक आणि दुसऱ्याच्या घरी सण.

शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "तुमच्याकडे हे खातात का गं?" मी मालवणची म्हटल्यावर समुद्रातून जे जे बाहेर येतं ते ते आम्ही खात असणार अशी त्यांची पक्की समजूत आहे, आणि ती फारशी चूकही नाही. पण मला पडलेला प्रश्न वेगळा होता. हे असं पूर्वी कधी झालं होतं का?

ह्या प्रश्नाला लगेच उत्तर मिळालं, ही मला ऑक्टोपसपेक्षाही नवलाची गोष्ट वाटली. हो, झालं होतं. १८९९-१९०० मध्ये झालं होतं आणि नंतर १९५० च्या सुमारास झालं होतं. १९०० साली वॉल्टर गारस्टँग नावाच्या इथल्या एका शास्त्रज्ञाने त्यावर सविस्तर लेखच लिहून ठेवला होता. दक्षिण किनाऱ्यावरची ऑक्टोपसची धाड आणि तिचा खेकडे-शेवंडांच्या मासेमारीवर झालेला परिणाम, असा त्याचा विषय. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी बंदरावर गेलं, मच्छीमारांशी बोललं, लिहून ठेवलं, आणि ते लिहिलेलं कुणीतरी जपलं. म्हणून आज इथले लोक घाबरले तरी गोंधळले नाहीत.

संपादकांनी माझ्याकडे खरं तर पाककृती मागितली होती. "वहिनी, मालवणी काहीतरी द्या ना," असा निरोप होता. पाककृती पुढच्या वर्षी नक्की देईन. यंदा मला ह्या लिहून ठेवणाऱ्या माणसांबद्दल लिहायचं आहे.

माझा ह्या विषयाशी तसा अर्थाअर्थी संबंध नाही. मी एम. ए. मराठी. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं मिळून सहा वर्षं सिंधुदुर्गातल्या एका शाळेत शिकवत होते. नवऱ्याला इथल्या रुग्णालयात नोकरी लागली आणि आम्ही प्लिमथला आलो. आता फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' लिहिते. प्लिमथ लंडनपासून लांब, लेस्टर-बर्मिंगहॅमपासूनही लांब. गणपतीला मंडळात यायचं तर चार तास गाडी हाकावी लागते. पण इथे समुद्र आहे, आणि त्या एका गोष्टीसाठी मी ह्या गावाला बाकी सगळं माफ केलं आहे.

ज्या इमारतीत हे जुने कागद आहेत ती आमच्या फिरायच्या वाटेवरच आहे. प्लिमथ हो म्हणून समुद्राकाठी हिरवळीचा उंचवटा आहे, त्याच्या एका टोकाला जुना किल्ला आणि किल्ल्याला लागून मरीन बायॉलॉजिकल असोसिएशनची दगडी प्रयोगशाळा. कित्येक महिने मला ते एखादं सरकारी कचेरीचं घर वाटत होतं. मग एकदा वाचनालयातल्या एका व्याख्यानाला गेले, आणि तिथून मला ह्या इतिहासाची गोडी लागली.

हा इतिहास मजेशीर आहे. १८८३ मध्ये लंडनला मोठं आंतरराष्ट्रीय मत्स्य प्रदर्शन भरलं. त्याच्या उद्घाटनाच्या सुमारास थॉमस हक्सली ह्या त्या काळच्या थोर शास्त्रज्ञाने सांगितलं की कॉड, हेरिंग, बांगडा असे जे मोठे मासे आहेत ते त्या वेळच्या साधनांनी माणूस कितीही पकडला तरी संपायचे नाहीत. समुद्र अक्षय आहे. त्याच प्रदर्शनात रे लँकेस्टर ह्या दुसऱ्या शास्त्रज्ञाने नेमकी उलट बाजू मांडली. मग हा वाद मिटवायचा कसा? मोजून. १८८४ मध्ये ही असोसिएशन स्थापन झाली, १८८८ मध्ये प्लिमथची प्रयोगशाळा उघडली, आणि गंमत म्हणजे संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले ते हक्सलीच. आपलं म्हणणं तपासून पाहणाऱ्या संस्थेचं अध्यक्षपद घ्यायला मन मोठं लागतं, असं मला वाटतं.

ह्याच हक्सलींचा नातू अँड्र्यू १९३९ च्या उन्हाळ्यात ह्याच प्रयोगशाळेत आला. अ‍ॅलन हॉजकिनबरोबर त्याने म्हाकुलाच्या जाडजूड मज्जातंतूत बारीक काचेची नळी सारून विजेचा संदेश कसा धावतो ते मोजलं. पुढे काही आठवड्यांतच दुसरं महायुद्ध सुरू झालं. त्या कामाच्या वाटेने पुढे १९६३ चं नोबेल आलं. नवरा हे ऐकून खूश झाला, कारण वैद्यकीच्या पहिल्या वर्षी त्याने हे सगळं पाठ केलेलं. "तो मज्जातंतू म्हाकुलाचा होता हे माहीत होतं, पण आपल्या घरापासून वीस मिनिटांवर होता हे नव्हतं माहीत," म्हणाला. मी म्हटलं, माहेरी म्हाकुलं आम्ही तिखलं करून खातो, त्यात नोबेल आहे हे आम्हांलाही नव्हतं माहीत.

पण मला खरी भुरळ घातली ती एका रेशमी पट्टीने. ह्याबद्दल जरा सावकाश सांगते.

अ‍ॅलिस्टर हार्डी नावाचे एक गृहस्थ १९२५ मध्ये डिस्कव्हरी ह्या जहाजावरून अंटार्क्टिकच्या मोहिमेवर गेले. समुद्रात प्लवक, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे किंवा न दिसणारे जीव, कुठे किती आहेत हे त्यांना पाहायचं होतं. पण जाळं टाकायचं तर जहाज थांबवावं लागतं, आणि थांबून थांबून महासागर कधी मोजून व्हायचा? म्हणून त्यांनी एक यंत्र बनवलं. साधारण मीटरभर लांबीची धातूची पेटी, माशाच्या आकाराची. जहाजाच्या मागे दोरीने बांधून ओढायची. पुढच्या बाजूला अर्ध्या इंचाचं चौकोनी तोंड, तिथून पाणी आत शिरतं. आत रेशमी कापडाची लांब पट्टी हळूहळू सरकत असते. तिला सरकवतो मागचा छोटा पंखा, जो पाण्याच्या जोरावर फिरतो. म्हणजे इंजिन नाही, वीज नाही, काही नाही. पाणी रेशमातून गाळलं जातं, जीव रेशमावर राहतात. वरून दुसरी रेशमी पट्टी येऊन त्यांना झाकते, साटोरीत सारण झाकतात तशी, आणि ती गुंडाळी फॉर्मालिनच्या डबीत जाऊन बसते. दहा सागरी मैलांना रेशमाचा एक तुकडा.

१९३१ पासून ही पेटी उत्तर समुद्रातून नियमित ओढली जाऊ लागली. कुणी ओढली? संशोधकांच्या जहाजांनी नव्हे. मालवाहू बोटींनी, प्रवासी फेऱ्यांनी. त्यांचा रोजचा मार्ग ठरलेला असतोच, त्यांच्या मागे पेटी बांधायची एवढंच. खलाशी ती पाण्यात सोडतात आणि वर घेतात. आमच्या प्लिमथहून फ्रान्समधल्या रॉस्कॉफला जाणाऱ्या फेरीच्या मार्गावरही हे काम चालतं. त्या फेरीने आपल्यातले काहीजण सुट्टीला गेले असतील. तुम्ही वर डेकवर चहा पीत होतात तेव्हा मागे पाण्याखाली रेशमाची पट्टी सरकत असू शकते.

मग ह्या पट्ट्या प्रयोगशाळेत येतात. आता हे सगळं काम प्लिमथच्याच असोसिएशनकडे आहे. पहिलं काम काय, तर रेशमाचा रंग बघायचा. पट्टी किती हिरवी झाली आहे, हे ठरावीक छटांच्या तक्त्याशी ताडून लिहायचं. हिरवी म्हणजे त्या पाण्यात वनस्पती-प्लवक जास्त. पैठणी घेताना आपण जशी छटा उजेडात धरून बघतो, अगदी तसं. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जीव ओळखून मोजायचा. ही मोजण्याची पद्धत १९५८ पासून जवळजवळ बदललेली नाही, मुद्दामच. यंत्रं सुधारली, संगणक आले, तरी मूळ पद्धत तीच ठेवली, कारण पद्धत बदलली तर आजची आणि तेव्हाची बेरीज एकमेकींशी ताडता येणार नाही. माझ्यासारख्या शिक्षिकेला हे लगेच कळलं. गुण द्यायची पद्धत दरवर्षी बदलली तर कुठली तुकडी हुशार हे कसं सांगणार?

ह्या पट्ट्यांनी काय काय दाखवलं! २००२ साली एक मोठा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ईशान्य अटलांटिकमध्ये कोमट पाण्यात राहणारे कोपेपॉड, म्हणजे तांदळाच्या कणीएवढे कवचधारी जीव, चाळीस वर्षांत सुमारे दहा अक्षांश उत्तरेला सरकले होते. दहा अक्षांश म्हणजे किती? मालवणातून सरळ उत्तरेला निघालात तर अजमेरपर्यंत पोचाल एवढं. आणि थंड पाण्यातले जीव आणखी उत्तरेकडे हटले. ह्या कणीएवढ्या जिवांचं एवढं कशाला, असं वाटेल. पण उत्तर समुद्रात कॉडची पिल्लं वसंतात अंड्यातून बाहेर येतात आणि त्यांना त्याच वेळी थंड पाण्यातला कोपेपॉड खायला लागतो. त्याच्या जागी जो कोमट पाण्यातला भाऊबंद आला त्याचा हंगाम शरदात. म्हणजे पानं मांडली तेव्हा स्वयंपाक नाही आणि स्वयंपाक झाला तेव्हा जेवणारे नाहीत. आपल्या फिश अँड चिप्समधला कॉड कमी का झाला, ह्याचं मोठं उत्तर बेसुमार मासेमारी हे आहेच, पण हे दुसरं उत्तर रेशमावर मिळालं.

आणखी एक. प्लिमथ विद्यापीठाच्या रिचर्ड थॉम्पसन ह्यांनी २००४ मध्ये समुद्रातल्या प्लास्टिकच्या अतिसूक्ष्म कणांवर लेख लिहिला, तेव्हापासून मायक्रोप्लास्टिक हा शब्द आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा झाला. त्यांनी हे कण १९६० च्या दशकापासून जपून ठेवलेल्या ह्याच पट्ट्यांत शोधले, आणि ते काळाबरोबर वाढलेले दिसले. ज्या लोकांनी त्या पट्ट्या ठेवल्या त्यांना प्लास्टिक मोजायचंच नव्हतं!

माझी सर्वांत आवडती नोंद मात्र ह्याहून वेगळी आहे. पेटी कधी कधी बिघडायची, कशात तरी अडकायची, आणि तेव्हा वहीत लिहून ठेवत: अमुक ठिकाणी, अमुक कारणाने नमुना मिळाला नाही. ह्या नापासांच्या नोंदी कुणी वाचायच्या? पण २०१९ मध्ये प्लिमथच्याच संशोधकांनी त्या चाळल्या. त्यात १९५७ ची नोंद निघाली, पेटीत मासेमारीची दोरी अडकल्याची. आणि १९६५ ची, आयर्लंडजवळ पेटीत प्लास्टिकची पिशवी अडकल्याची. समुद्रात सापडलेल्या प्लास्टिकच्या अगदी जुन्या नोंदींपैकी ह्या दोन. काम बिघडल्याचं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं म्हणून त्या सापडल्या.

हे सगळं सुरळीत चालत आलं असंही नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सरकारी पैसा आटला, आणि रेशमी पट्ट्यांचं हे काम बंद पडायची वेळ आली. हार्डींच्या नावाने वेगळी संस्था काढून ते वाचवावं लागलं. असोसिएशनची स्वतःची एक नोंदमाला होती, समुद्रात ठरलेल्या जागी जाऊन पाण्याचं तापमान आणि इतर गोष्टी मोजायची, १९०३ पासूनची. मधली युद्धं सोडली तर चालू होती. ती मात्र १९८७ च्या सुमारास थांबवली. हे तेच तेच मोजून काय मिळणार, असं कुणाला तरी वाटलं असणार. २००२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. म्हणजे मध्ये साधारण पंधरा वर्षांचा खड्डा, आणि नेमका त्या काळात समुद्र तापत होता. तो खड्डा आता कितीही पैसे ओतले तरी भरून निघायचा नाही. वर्गात मुलगा आला होता की नाही हे पंधरा वर्षांनी कसं विचारणार?

१९८७ ह्या सालाशी माझं आणखी एक नातं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

१९८७ मध्ये महाराष्ट्र सरकारने मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर केलं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा, पद्मगडाच्या आसपासचा, सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग. किल्ल्याच्या खडकांवर प्रवाळ आहे, तऱ्हेतऱ्हेचे मासे आहेत, समुद्रशेवाळ आहे. जागा निवडली ती योग्यच. फक्त त्या पाण्यावर ज्यांची चूल पेटत होती त्यांना विश्वासात घेतलं नाही. मी त्यानंतर वर्षाने जन्मले आणि 'अभयारण्य' हा शब्द ऐकत वाढले, तोही शिवीसारखा. आजोबांचा रापणीत वाटा होता. काका अजून रापणीवर जातात. रापण म्हणजे किनाऱ्यावरून अर्धगोल जाळं टाकायचं आणि दोन्ही बाजूंनी पन्नासेक माणसांनी ओढायचं, मिळेल त्याचे वाटे करायचे. बाबा शाळामास्तर झाले, पण मोर्च्यांना जायचेच. मासेमारी बंद होणार, ही भीती घराघरांत. पुढे अभयारण्य बरीच वर्षं कागदावरच राहिलं, पण ती भीती काही कागदावर राहिली नाही.

आणि माझी लेक इथे काय शिकते? ती नऊ वर्षांची. शाळेबरोबर वेम्बरीच्या किनाऱ्यावर जाते. आहोटीला खडकांवर अर्धा मीटरची चौकट ठेवायची आणि चौकटीत काय काय आहे ते मोजायचं. पालक म्हणून मीही जाते. सवयीने मुलांची डोकीही मोजते, ती बाईंची खोड जाणारच नाही. लिंपेट किती, शंख किती, शेवाळ किती. पहिल्याच वेळी एका मुलाची चौकट रिकामी निघाली, त्याने रडवेलं होऊन ती उचलून दुसरीकडे ठेवायला घेतली, तर सोबतच्या ताईंनी अडवलं. शून्य असेल तर शून्य लिही, म्हणाल्या. मला माझा हजेरीपट आठवला. हजर मुलाची खूण आपण सहज करतो. 'गै' लिहिताना मात्र डोकं वर करून रिकाम्या बाकाकडे बघावं लागतं.

लेकीला सागरी अभयारण्य म्हणजे साहजिकच चांगली गोष्ट वाटते. मे महिन्यात तिने डेव्हिड अ‍ॅटनबरो ह्यांचा समुद्रावरचा नवा चित्रपट पाहिला. त्यात समुद्राच्या तळावरून ओढलं जाणारं जाळं कॅमेऱ्याने आतून दाखवलं आहे. घरी येऊन ती दोन दिवस मासे खाईना. आणि जूनमध्ये बाबा आले, मुक्कामाला.

तर हे दोघं आजोबा-नात, आणि मध्ये मी.

पहिल्याच आठवड्यात वाद झाला. ती म्हणाली, आजोबा, समुद्राचा थोडा भाग बंद ठेवायलाच हवा. बाबा म्हणाले, बंद कोणासाठी? ती म्हणाली, माशांसाठी. बाबा शांतपणे म्हणाले, "आणि माशेवाल्यांका विचारल्यानी काय?" तिला मालवणी पुरतं कळत नाही, पण हे कळलं. ती माझ्याकडे बघायला लागली. माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून आम्ही लाइम बेला गेलो.

लाइम बे हा डेव्हन आणि डॉर्सेटच्या किनाऱ्याचा मोठा उपसागर. त्याच्या तळाशी खडकांवर पिंक सी फॅन नावाचा पंख्यासारखा प्रवाळाचा प्रकार वाढतो, वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर. म्हणजे हातभर पंखा आपल्या वयाचा. स्कॅलॉप नावाचे मोठे शिंपले खरवडायला बोटी इथे लोखंडी दातांच्या फण्या ओढत. एका फेरीत चाळीस वर्षांचा पंखा आडवा. आधी काही वर्षं समजुतीने काही भाग सोडायचे प्रयत्न झाले, ते टिकले नाहीत. शेवटी जुलै २००८ मध्ये सरकारने सुमारे २०६ चौरस किलोमीटर भागात तळ खरवडणारी साधनं बंद केली. पिंजरे, साधी जाळी आणि पाणबुडे यांना मुभा राहिली.

पुढचं काम प्लिमथ विद्यापीठाच्या लोकांनी केलं. त्याच वर्षापासून, दर उन्हाळ्यात, त्याच जागी तळावरून तरंगता कॅमेरा फिरवायचा, आतही आणि बाहेरही, आणि दिसेल ते मोजायचं. तीन वर्षांत फरक दिसू लागला. पंखे वाढले, खडकांवरचे इतर जीव वाढले. नुसत्या खडकांवरच नाही, मधल्या खडीच्या पट्ट्यांवरही जीव रुजले, जिथे काही रुजेल असं कुणी धरलं नव्हतं. माशांचे प्रकारही वाढले. २०१३-१४ च्या हिवाळ्यातल्या वादळांनी (डॉलिशचा रेल्वेमार्ग ज्यात वाहून गेला तीच) तळाची पुन्हा दाणादाण केली, पण ह्या वेळी तो लवकर सावरला. आणि मग एक फार शहाणा प्रयोग झाला. तिथल्याच मच्छीमारांना सोबत घेऊन वेगवेगळ्या जागी कमी-जास्त पिंजरे ठेवून पाहिले. फार पिंजरे झाले की तळाचंही नुकसान होतं आणि मच्छीमारांनाही माल कमी मिळतो, असं दिसलं. म्हणजे पिंजऱ्यालाही मर्यादा आहे.

आम्ही ज्या गावी गेलो त्याचं नाव बीअर. बाबांनी पाटी दोनदा वाचली आणि काही बोलले नाहीत. पण किनाऱ्यावर उतरल्यावर ते थबकले. बीअरला धक्का नाही. बोटी गोट्यांच्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, अगदी आमच्याकडे वाळूवर ओढतात तशा. "ह्यो तर आमचोच किनारो," म्हणाले. एक वयस्क मच्छीमार पिंजरे दुरुस्त करत होता. बाबांचं इंग्रजी शाळामास्तरी, त्याचं डेव्हनचं, मध्ये मी दुभाषी. दोघांनी आधी एकमेकांच्या गाठी तपासल्या. मग ऑक्टोपसवर बोलले, डिझेलच्या भावावर बोलले, मुलं ह्या धंद्यात येत नाहीत ह्यावर बोलले. बंदीबद्दल बाबांनी विचारलंच. तो म्हणाला, आम्हा पिंजरेवाल्यांना फायदा झाला, आता आमचे पिंजरे कुणी ओढून नेत नाही. पण ज्यांच्या फण्या होत्या त्यांना दुसरीकडे जावं लागलं, त्यातले काही माझ्या ओळखीचे होते. आणि विचारलं का, म्हणाल, तर आधी बंदी आली आणि मग विचारणं आलं. २०११ च्या सुमारास एका संस्थेने बीअर, अ‍ॅक्समथ, लाइम रेजिस आणि वेस्ट बे ह्या चार ठिकाणच्या मच्छीमारांना शास्त्रज्ञांबरोबर एका टेबलाशी बसवलं, तेव्हापासून जरा बरं चाललंय.

परतताना गाडीत बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, फणी वेगळी आणि रापण वेगळी. फणी बंद केली ती बरोबर केली. आमच्याकडेही पर्ससीनवाल्यांनी सगळा समुद्र घाऊक उचलला, २०१६ मध्ये सरकारने त्यांच्यावर बंधनं आणली तेव्हा आम्ही पेढे वाटले. पण ते अभयारण्य आलं तेव्हा आम्हांला फणी आणि रापण एकाच यादीत घातल्यासारखं वाटलं.

लेकीने मागच्या सीटवरून विचारलं, पण मालवणला पूर्वी मासे किती होते आणि आता किती आहेत? बाबा म्हणाले, पूर्वी खूप होते. खूप म्हणजे किती? बाबा म्हणाले, खूप म्हणजे खूप गो! नऊ वर्षांच्या मुलीला हे उत्तर पुरत नाही, हे आई म्हणून मला रोज कळतं.

मला वाटतं बाबांना ते तिथेच लागलं. आपल्याकडे कुणी मोजत नाही असं मुळीच नाही. हिंदी महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेनंतर १ जानेवारी १९६६ रोजी सुरू झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था मालवणपासून फार लांब नाही, गोव्यात दोना पावलाला आहे. मुंबईत २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' ही मंडळी गिरगाव, हाजी अली अशा ठिकाणी ओहोटीला फिरून जीव नोंदवतात, आणि लोकांना दाखवतातही. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन कासवांची घरटी राखली, तिथे घरटी, अंडी, पिल्लं सगळ्यांचा हिशोब असतो, आणि तो गावातलीच माणसं ठेवतात. म्हणूनच तिथे मोर्चे निघाले नाहीत. पण आमच्या रापणीत काय आलं ह्याचा हिशोब फक्त वाट्यांचा. भाव मिळाला तेवढ्यापुरता. जे विकलं नाही ते कुणी लिहिलं नाही, आणि जे यायचं थांबलं ते तर कुणीच नाही.

मला अभयारण्य हवं की नको, असं कुणी विचारलं तर मी अजूनही एका शब्दात सांगू शकत नाही. ब्रिटन तरी कुठे धुतल्या तांदळासारखं आहे! इथे नकाशावर संरक्षित म्हणून रंगवलेल्या कितीतरी भागांत आजही तळ खरवडायला परवानगी आहे. २०२५ च्या जूनमध्ये सरकारने आणखी ४१ ठिकाणी ती थांबवायचा प्रस्ताव मांडला. मला एवढंच दिसतं की लाइम बेच्या टेबलाशी दोन्ही बाजू बसल्या तेव्हा मध्ये ठेवायला काहीतरी होतं. कॅमेऱ्याने मोजलेले आकडे होते. मालवणात १९८७ मध्ये एका बाजूला सरकारी आदेश होता आणि दुसऱ्या बाजूला माझ्या आजोबांचं 'खूप'.

बाबा ऑगस्टमध्ये परत गेले, नारळी पौर्णिमेला घरी हवेत म्हणून. जाताना लेकीने त्यांना तिच्या शाळेची एक रेघी वही दिली. रकाने तिनेच आखले होते: तारीख, वेळ, भरती की ओहोटी, मासा, किती. शेवटचा रकाना 'आला नाही' असा. बाबा काकांबरोबर पहाटे किनाऱ्यावर जातात आणि संध्याकाळी फोनवर वाचून दाखवतात. तिने इकडे दुसरी वही केली आहे. तिला नावं लिहिता येत नाहीत, म्हणून मराठी अक्षरं आपसूक गिरवून होतात. एम. ए. मराठी आईला जे चार वर्षांत जमलं नाही ते बांगड्याने केलं.

परवाची नोंद अशी होती: तारली दोन टोपल्या, पेडवे एक टोपली, बांगडे थोडे ("थोडे म्हणजे किती, आजोबा?" "एकतीस."), शेंगाळे चार, एक लहान मोरी, सोडून दिली. सौंदाळे आले नाहीत. आणि एक मासा काकांनाही ओळखता आला नाही. त्याचा फोटो काढलाय, उद्या पाठवतात.